थांबलेला धोटा : औद्योगिक वस्त्यांतील बेकारीचे वाङ्मय

प्रस्तावना

कामगार जीवनावरील वाङ्मयाचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने श्रम आणि संघर्ष या दोन संकल्पनांच्या आधारे केलेला आहे. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) या कादंबरीचे शीर्षकच गतीचे आहे. अण्णाभाऊ साठे यांचे लेखन आणि नारायण सुर्वे यांचे 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२), 'माझे विद्यापीठ' (१९६६) व 'जाहीरनामा' (१९७५) हे संग्रह वाचताना समोर येतो तो काम करणारा, हक्क मागणारा, आपल्या श्रमाने शहर उभे केल्याची जाण असलेला माणूस. या परंपरेचे मोल वादातीत आहे. परंतु धोटा थांबल्यानंतर काय होते, हा प्रश्न या परंपरेच्या कक्षेत पूर्णपणे बसत नाही. गिरणीचे दार बंद झाल्यावर कामगाराच्या हातून काम जाते, आणि ज्या ठिकाणी संघर्ष उभा राहायचा ते ठिकाणही जाते. अशा माणसाचे वाङ्मय कोणत्या निकषांवर तपासावे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार चार ग्रंथांच्या आधारे केला आहे. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांचा मारिएनथाल या ऑस्ट्रियन गावाचा अभ्यास (१९३३), वॉल्टर ग्रीनवुड यांची 'लव्ह ऑन द डोल' ही कादंबरी (१९३३), जॉर्ज ऑर्वेल यांचे 'द रोड टु विगन पिअर' (१९३७) आणि जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक (१९९७). पहिला ग्रंथ समाजशास्त्राचा, दुसरा कथात्म, तिसरा वृत्तान्तपर आणि चौथा रंगभूमीसाठी लिहिलेला आहे. वाङ्मयप्रकार वेगवेगळे असले तरी चारही ग्रंथांपुढची अडचण एकच आहे. गरिबीचे वर्णन करता येते, कारण ती वस्तूंतून दिसते : गळके छप्पर, फाटके अंथरूण, रिकामे डबे. बेकारी मात्र वस्तू नव्हे. ती न घडणाऱ्या गोष्टींनी भरलेला काळ आहे. ज्यात काहीच घडत नाही त्याचे कथन कसे करावे, ही ती अडचण होय.

कापसाचा समान धागा

या ग्रंथांची सांगड केवळ सोयीसाठी घातलेली नाही. मारिएनथालची वस्ती कापडगिरणीभोवती वसलेली होती. ग्रीनवुडचे सॅलफर्ड आणि ऑर्वेलचे विगन ही दोन्ही शहरे लँकेशायरच्या कापड-कोळसा पट्ट्यातील आहेत. मुंबईचे गिरणगाव तर या पट्ट्याशी प्रारंभापासून जोडलेले होते. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढे दीर्घकाळ मुंबईच्या गिरण्यांतील यंत्रसामग्री मुख्यतः लँकेशायरमधून येत राहिली. पहिल्या महायुद्धानंतर लँकेशायरची निर्यात घसरली. तिच्या कारणांत जपानची स्पर्धा, भारतीय गिरण्यांची वाढ, आयात जकात आणि परदेशी मालावरील बहिष्कार यांचा समावेश होता. गोलमेज परिषदेसाठी गेलेले महात्मा गांधी सप्टेंबर १९३१ मध्ये लँकेशायरमधील डार्वेन परिसरात गेले आणि तेथील बेकार गिरणी कामगारांना भेटले, ही घटना या संबंधाची साक्ष देते. ज्या मुंबईच्या वाढीचा लँकेशायरच्या ऱ्हासाला अंशतः हातभार लागला, त्याच मुंबईवर ५० वर्षांनंतर तशीच पाळी आली. म्हणूनच १९३० च्या दशकातील युरोपीय ग्रंथ गिरणगावावरील वाङ्मयाशेजारी ठेवून वाचणे सयुक्तिक ठरते.

मारिएनथाल : काळाचे विघटन

व्हिएन्नाच्या दक्षिणेकडील मारिएनथाल या गावातील कारखाना १९२९-३० मध्ये बंद पडला आणि जवळजवळ संपूर्ण गाव एकदम बेकार झाले. संशोधकांच्या गटाने गावात केवळ निरीक्षक म्हणून वावरायचे नाही असा नियम स्वतःला घालून घेतला होता. कपड्यांचे वाटप, वैद्यकीय तपासणी, शिवणाचे वर्ग अशा उपयोगी कामांच्या निमित्तानेच त्यांनी माहिती जमविली. या पद्धतीमुळे ग्रंथातील तपशील चौकशीच्या कोरडेपणापासून मुक्त राहिले आहेत.

ग्रंथाचे सर्वांत मौलिक निरीक्षण काळाविषयी आहे. रस्त्याने जाणाऱ्या माणसांचा वेग मोजला असता पुरुष सावकाश चालतात, वारंवार थांबतात आणि स्त्रिया त्यांच्या जवळजवळ दीडपट वेगाने चालतात, असे आढळले. बहुतेक पुरुषांनी घड्याळ बाळगणे सोडले होते. दिवसभरात काय केले हे तासातासाने लिहून द्यावयास सांगितले असता त्यांना उठणे, जेवणे आणि झोपणे यांखेरीज सांगण्यासारखे फारसे आठवत नव्हते. वाचनालयाची वर्गणी माफ होऊनही पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. रिकामा वेळ वाढला की माणूस अधिक वाचेल, सभांना जाईल, संघटित होईल, या अपेक्षेला हा ग्रंथ छेद देतो. काम गेले की फुरसत मिळते हे खरे नव्हे. कामाच्या चौकटीतच फुरसतीला अर्थ असतो, हा त्याचा निष्कर्ष आहे.

स्त्रियांचा दिवस मात्र तसाच भरलेला राहिला. स्वयंपाक, धुणे, शिवणटिपण, मुलांचे कपडे पुन्हा पुन्हा उसवून नवे करणे ही कामे पैसा कमी झाल्यामुळे वाढलीच. बेकारीने पुरुषाचा काळ मोडला आणि स्त्रीचा काळ अधिक आवळला, ही या ग्रंथाने नोंदविलेली विषमता पुढील तिन्ही साहित्यकृती वाचताना मार्गदर्शक ठरते.

'लव्ह ऑन द डोल' : वर्तुळाची रचना

ग्रीनवुड (जन्म १९०३) हे सॅलफर्डच्या ज्या हँकी पार्क वस्तीचे चित्रण करतात तेथेच वाढले आणि स्वतः बेकार असताना त्यांनी ही कादंबरी लिहिली. कथानक वरवर पाहता साधे आहे. हॅरी हार्डकॅसल गहाणवटीच्या दुकानातील कारकुनी सोडून मार्लो यांच्या यंत्रकारखान्यात सात वर्षांची उमेदवारी पत्करतो. उमेदवारी संपते त्या क्षणी त्याला पूर्ण मजुरी द्यावी लागणार असते. म्हणून त्याला काढून टाकले जाते आणि त्याच्या जागी नवी, स्वस्त पोरे घेतली जातात. पुढे मीन्स टेस्ट, म्हणजे घरातील सर्वांची मिळकत मोजून भत्ता ठरविण्याची १९३१ ची पद्धत, येते. बहिणीची मजुरी मोजली जाऊन हॅरीचा भत्ता बंद होतो. या तपासणीविरुद्धच्या मोर्चानंतर लॅरी मीथ हा विचारी, समाजवादी तरुण मरण पावतो. त्याची वाग्दत्त वधू सॅली ही सॅम ग्रंडी या धनवान बुकीचा आश्रय स्वीकारते आणि त्याच्या वशिल्याने भावाला व वडिलांना बस कंपनीत नोकऱ्या मिळतात.

समकालीन आणि नंतरच्या काही समीक्षकांनी या शेवटाला पराभूत म्हटले आहे. लॅरीचा विचार त्याच्याबरोबर संपतो आणि कुटुंब तरते ते बुकीच्या कृपेने, हा आक्षेप वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे. परंतु कादंबरीची रचना पाहता तो अपुरा ठरतो. कादंबरी उघडते ती पहाटे खिडक्यांवर काठी आपटून कामगारांना उठवीत फिरणाऱ्या आंधळ्या जोच्या चित्राने, आणि संपते तीही तशाच पहाटेने. मधल्या काळात एक तरुण मेला, एका मुलीचे आयुष्य बदलले, एक मूल जन्मले. वस्तीची पहाट मात्र तशीच आहे. कथेला आदी, मध्य, अंत असावा आणि नायकाने कोठेतरी पोहोचावे, ही कादंबरीप्रकाराची अपेक्षा ग्रीनवुड जाणीवपूर्वक नाकारतात. बेकारीच्या काळाला दिशा नसते, तो वाटोळा फिरतो, हे त्यांनी रचनेतूनच सांगितले आहे. मारिएनथालच्या संशोधकांनी जे वेळापत्रकांतून दाखविले ते येथे कथनाच्या घाटातून प्रकट होते.

कादंबरीचा खरा उणेपणा वेगळा आहे. सॅलीचा निर्णय कथानकाचा कळसबिंदू आहे, परंतु त्याचा भार ती कसा वाहते हे वाचकाला पुरेसे कळत नाही. कुटुंबाच्या सुटकेची किंमत म्हणून ती येते, त्या सुटकेचा विचार करणारी व्यक्ती म्हणून कमी येते. तथापि या पुस्तकातील वास्तव सत्ताधाऱ्यांना किती टोचत होते, याचा पुरावा त्याच्या रूपांतरांच्या इतिहासात मिळतो. १९३४ च्या नाट्यरूपांतराला मोठे यश लाभले, परंतु १९३६ मध्ये ब्रिटिश चित्रपट परीक्षण मंडळाने चित्रपटास संमती नाकारली. चित्रपट निघाला तो १९४१ मध्ये, युद्धाने बेकारी संपविल्यानंतर.

'द रोड टु विगन पिअर' : पाहणाऱ्याचे स्थान

ऑर्वेल १९३६ च्या प्रारंभी उत्तर इंग्लंडमध्ये गेले ते निरीक्षक म्हणून. बेकारभत्त्यावर जगणाऱ्या कुटुंबाचा आठवड्याचा हिशेब, घरांची मोजमापे, खाणीत वाकून चालावे लागणारे अंतर अशा तपशिलांनी ग्रंथाचा पूर्वार्ध भरलेला आहे. सरकारी आकड्यात एक बेकार म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेले सारे घर, हे ते स्पष्टपणे दाखवून देतात. पुरुष दिवसभर रिकामा असला तरी घरकामाला हात लावीत नाही आणि कमी पैशात भागविण्यासाठी स्त्रीचे कष्ट वाढतात, ही मारिएनथालशी जुळणारी नोंदही त्यांनी केली आहे.

परंतु या ग्रंथात पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातील अंतर मिटत नाही. ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग याचे उदाहरण आहे. आगगाडी शहर सोडीत असताना एक तरुण स्त्री थंडीत गुडघे टेकून तुंबलेल्या सांडपाण्याच्या नळीत काठी घालताना लेखकाला दिसते, आणि आपल्या नशिबी काय आले आहे हे तिला पुरते कळते, असे तिच्या चेहऱ्यावरून त्याला जाणवते. ऑर्वेल यांच्या दैनंदिनीत हाच प्रसंग आहे, पण तेथे ते गल्लीतून पायी चालत आहेत. पुस्तकात लेखक गाडीत बसला आणि काच मध्ये आली. वाङ्मयीन परिणामासाठी केलेला हा बदल निष्पाप नाही. गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला त्या स्त्रीशी बोलता आले असते. गाडीतल्या माणसावर ती जबाबदारी राहत नाही. तिचे दुःख तो तिच्या वतीने वाचतो आणि पुढे निघून जातो.

असे असले तरी एका बाबतीत ऑर्वेल आणि उरलेले दोन युरोपीय ग्रंथ एकाच निष्कर्षाला येतात, आणि तो मोलाचा आहे. गरिबांनी पैसा 'वाया' का घालवावा, या मध्यमवर्गीय प्रश्नाचे उत्तर तिन्ही ग्रंथ देतात. ऑर्वेलच्या कुटुंबांना पौष्टिक पण नीरस अन्नापेक्षा गोड चहा, तळलेले मासे आणि फुटबॉलच्या पैजा हव्या असतात. मारिएनथालमध्ये काही कुटुंबे बटाट्याच्या वाफ्यात फुले लावतात. हॅरी पैजेत अनपेक्षित मिळालेले पैसे हेलनसह सहलीवर खर्च करतो. आपले आयुष्य केवळ पोट भरण्यापुरते नाही, हे माणसाने स्वतःला पटविण्याचा हा प्रयत्न आहे. बेकाराच्या 'बेहिशेबीपणा'वर बोट ठेवणाऱ्या नैतिक भाषेला या तीन ग्रंथांइतके संयत उत्तर क्वचितच मिळाले असेल.

'अधांतर' : नाव नसलेली अवस्था

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. हा संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. या वस्तुस्थितीचा वाङ्मयीन अर्थ पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. सॅलफर्डच्या हॅरीला तो बेकार आहे हे सरकारच सांगत होते. त्याचे कार्ड होते, खिडकी होती, तपासनीस होता. मुंबईच्या कामगाराला बेकारभत्ता नव्हता. तो संपावर होता की कामावरून गेला होता, हेही ठरत नव्हते. त्यातच रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून काम मिळते का पाहणारा 'बदली' कामगार हा गिरणगावचा जुनाच घटक होता. काम असणे आणि नसणे यांच्यामधली रेषा येथे पूर्वीपासून पुसट होती. संपाने ती पुसूनच टाकली. जयंत पवार यांनी नाटकाला दिलेले 'अधांतर' हे नाव म्हणूनच केवळ काव्यात्म नाही. ती त्या माणसांची नेमकी स्थिती आहे.

पवार (१९६०–२०२१) गिरणगावातच वाढले. त्यांनी नाटक गिरणीच्या दारात किंवा मोर्चात न घडविता चाळीतील एका खोलीत घडविले. आई, तीन मुलगे आणि मुलगी यांच्या त्या घरात संप प्रत्यक्ष दिसत नाही. त्याचे परिणाम मात्र प्रत्येक वाक्यात दिसतात. मुलांना स्थिर काम नाही. एकाला लेखनाची स्वप्ने आहेत, एक क्रिकेटच्या वेडात आहे, एक गुन्हेगारीकडे ओढला जातो. घरातल्या भांडणांचा विषय पैसा, जागा आणि उगवणारा प्रत्येक रिकामा दिवस हा आहे. एकच खोली आणि रिकामी माणसे यांतून निर्माण होणारा दाब रंगमंच थेट दाखवू शकतो, कारण रंगमंचावरून माणसांना बाहेर जायला जागा नसते. कादंबरीला जे वर्तुळाकार रचनेने साधावे लागले ते येथे बंदिस्त जागेने साधले आहे.

बेकारी ही एका पिढीत संपत नाही, हे 'अधांतर'चे योगदान होय. ग्रीनवुडच्या कादंबरीत बाप आणि मुलगा दोघेही बेकार आहेत, पण अखेरीस दोघांनाही नोकरी मिळते. पवारांच्या मुलांना वारशाने मिळते ती न मिळालेली नोकरी. त्यांच्या वाट्याला धोटाही आला नाही आणि धोटा थांबल्याची आठवणही पुरती आली नाही. सुर्व्यांच्या कवितेतील कामगाराला शहर आपले वाटत होते. या मुलांना आपली खोलीही आपली वाटत नाही. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि २००१ मधील तिच्या दुरुस्तीने गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचे भवितव्य बदलले. या परिवर्तनाची वेदना पवारांनी 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहातही मांडली. त्या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

नाटकाच्या मर्यादेकडेही दुर्लक्ष करता येत नाही. मुंबईच्या कामगाराला दोन पत्ते होते : चाळीचा आणि गावाचा. संप दीर्घकाळ टिकला त्यामागे कोकणात व घाटावर परतलेल्या हजारो कामगारांच्या शेतीचा आणि तेथील स्त्रियांच्या श्रमाचा आधार होता. एका खोलीच्या नाटकात हा दुसरा पत्ता ओझरता राहतो. या दृष्टीने नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचा गिरणगावच्या मौखिक इतिहासाचा ग्रंथ (२००४) 'अधांतर'ला पूरक ठरतो. त्यात कामगार, कार्यकर्ते, शाहीर आणि स्त्रिया स्वतःच्या शब्दांत बोलतात. गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांची १९७५ मध्ये स्थापन झालेली अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना आठवली, तर या वस्तीचे अर्थकारण किती मोठ्या प्रमाणात चुलीपाशी उभे होते हे ध्यानात येते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. बेकारी ही घटना नसून काळाची अवस्था आहे. त्यामुळे तिच्या वाङ्मयाचे मूल्यमापन संघर्षाच्या चढत्या आलेखावरून करता येत नाही. त्या थांबलेल्या काळाला कृतीने कोणता घाट दिला, हा अधिक योग्य निकष होय. वर्तुळाकार कादंबरी आणि एका खोलीचे नाटक ही या प्रश्नाची दोन समर्थ उत्तरे आहेत.

२. काम संपताच कथनाचे केंद्र कामगाराकडून घराकडे सरकते. चारही ग्रंथांत घर सांभाळणारी स्त्री अपरिहार्यपणे येते. परंतु ती मोजली जाते, पाहिली जाते किंवा किंमत चुकविते. तिच्या हिशेबाला, तिच्या निर्णयाला केंद्रस्थान क्वचितच मिळते. या वाङ्मयातील ही सर्वांत मोठी अपूर्णता आहे.

३. लेखक वस्तीतला आहे की बाहेरचा, एवढ्यावरून कृतीचा दर्जा ठरत नाही. मारिएनथालचे संशोधक बाहेरचे होते, पण ते गावाच्या उपयोगी पडले आणि म्हणून त्यांना अधिक दिसले. ऑर्वेल यांनी गल्लीतला प्रसंग गाडीत नेला तेव्हा त्यांना दिसलेलेही थोडे दूर गेले. प्रश्न जन्माचा नसून जबाबदारीचा आहे.

४. गिरणगावच्या बेकारीला शासकीय नावच मिळाले नाही. त्यामुळे भत्त्याच्या कार्डाने लँकेशायरमध्ये केलेली नोंद मुंबईत साहित्याला आणि मौखिक इतिहासाला करावी लागली.

समारोप

कामगार साहित्य शिकविताना पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत बहुधा संघर्षाच्या कवितेवर भर दिला जातो. ती कविता शिकविलीच पाहिजे. परंतु बंद पडलेल्या सूतगिरण्या, साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहती यांच्या परिसरातील महाविद्यालयांत आज जे विद्यार्थी बसतात, त्यांपैकी अनेकांच्या घरी लढणाऱ्या कामगारापेक्षा दुपारी घरी बसून राहिलेला बाप अधिक परिचयाचा आहे. त्या बापाला आळशी ठरविणारी भाषा त्या मुलांनी पुष्कळ ऐकलेली असते. त्याच्या रिकाम्या दुपारीचा अर्थ समजावून देणारी पुस्तके त्यांच्या हाती क्वचितच पडतात. 'अधांतर' सुर्व्यांच्या कवितेशेजारी आणि शक्य तेथे 'लव्ह ऑन द डोल'शेजारी ठेवून शिकविले गेले, तर धावणाऱ्या धोट्याइतकाच थांबलेला धोटाही मराठी वाङ्मयाचा विषय आहे, हे त्या मुलांना वर्गातच कळू शकेल.